पॅरिसचा दोरा आणि प्रागच्या नोटा: युरोपला जाणाऱ्यांनी वाचून जा

मे महिन्यात युरोपला जाणाऱ्यांची तयारी सुरू झाली असेल म्हणून लिहून टाकतो. आम्ही निघालो तेव्हा जो तो एकच सांगत होता, पाकीटमार फार आहेत, बॅग पुढे घ्या, पासपोर्ट पोटाशी बांधा. ते सगळं केलं आणि आमच्यापैकी कुणाचाही खिसा कापला गेला नाही. पैसे गेले ते समोरासमोर, हसत हसत, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी फोटो काढत होतं. हे लोक फोटोच्या जागा धरूनच उभे असतात, कारण तिथे माणूस हमखास थांबतो, खुशीत असतो, एक हात मोबाईलमध्ये अडकलेला आणि लक्ष स्क्रीनवर.

पहिला दणका पॅरिसला. माँमार्त्रच्या टेकडीवर ते साक्रे कर चर्च आहे ना, पांढरंशुभ्र, १९१९ साली विधिवत अर्पण झालेलं, त्याचा दगडच असा आहे म्हणे की पावसाने धुतला की काळा पडायच्या ऐवजी पांढराच राहतो. खाली जिथून पायऱ्या सुरू होतात तिथे रंगीत दोरे घेऊन चार-पाच जण उभे होते. आत्याच्या मागे घुमट यावा म्हणून मी गुडघ्यावर बसून फोटो घेत होतो, तेवढ्यात एक जण "इंडिया? नमस्ते!" करत आला आणि त्याने सरळ आत्याचा हात धरला. आत्याला वाटलं याला फोटोत यायचंय. माझा मोबाईल धडाधड फोटो काढत होता त्यामुळे सगळं क्रमाने आलंय: एकात आत्या हसतेय, पुढच्यात तिच्या बोटात दोऱ्याचा फास आणि तो भराभर पीळ घालतोय, मग मनगटाला गाठ, आणि शेवटच्यात आत्या कॅमेऱ्याकडे बघून "अरे याला सांग ना!" म्हणून ओरडतेय. गाठ अशी मारतात की नखाने सुटत नाही. मग "ट्वेंटी युरो". आत्या म्हणाली नको मला, काढ हे. तो म्हणे तुझ्यासाठीच बनवलंय, आता कसं काढू. तोवर त्याचे दोन दोस्त बाजूला येऊन उभे, आणि बोट त्याने सोडलंच नव्हतं. काकांनी वीसची नोट दिली आणि विषय संपवला. दोन हजारांच्या आसपास झाले, आणि दोरा कसला तर आपल्याकडे देवळाबाहेर दहा रुपयाला मिळतो तसला.

तिथे हात खिशात घाला किंवा घडी घालून ठेवा, नो म्हणा आणि चालत राहा, बोट द्यायचं नाही. म्हाताऱ्या माणसांना तर डावीकडच्या फ्युनिक्युलरनेच (टेकडीवर चढणारी रुळांवरची छोटी गाडी) वर न्या, गुडघेही वाचतात. फोटो वरून काढा, अख्खं पॅरिस दिसतं.

आयफेलजवळच्या पुलावर तीन वाट्यांखाली गोळी लपवायचा खेळ चालू होता, तो जत्रेतल्या तीन पत्त्यांसारखाच, त्यामुळे आमचा कुणी फसला नाही. जिंकणारा त्यांचाच माणूस असतो हे कोल्हापूरच्या माणसाला काय शिकवायचं! बाकी कागदावर सही मागणाऱ्या पोरीही भेटतात, मुक्याबहिऱ्यांसाठी म्हणून. सही झाली की देणगी मागतात, आणि तुम्ही नाव लिहीपर्यंत पॅडच्या खालून दुसरीचा हात पर्सकडे जातो. सही करू नका, संपलं.

मिलानला दुओमोच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चच्या, चौकात भाचीच्या ओंजळीत एकाने मक्याचे दाणे ओतले, विचारलं वगैरे काही नाही. कबुतरं तिच्या हातावर, डोक्यावर, ती खुश, आम्ही सगळे फोटो काढतोय. मग दहा युरो. पोरगी हसत असताना भांडण कोण करणार, हे त्याला पक्कं माहीत असतं, दिले. फोटो मात्र ट्रिपमधले सगळ्यात सुंदर आलेत, हा भाग वेगळा. व्हेनिसला सान मार्कोच्या चौकात दाणे विकायला २००८ पासून बंदी आहे, त्यामुळे तिथे कुणी दाणे पुढे केलेच तर अजिबात घेऊ नका, दंड तुम्हालाच व्हायचा.

रोमला कोलोसियमसमोर लाल झालर लावलेले शिरस्त्राणवाले रोमन सैनिक फिरतात. पालिकेने त्यांच्यावर बंदीचे हुकूम काढलेत तरी दिसतातच. तुमच्या गळ्यात हात टाकतात, तलवार देतात, फोटो झाला की माणशी पैसे मागतात आणि माणशी म्हणजे ते दोघं आणि तुम्ही चौघं असा हिशोब. आमच्या जवळ एक जण आला तेव्हा आत्याने मराठीतच जो आवाज चढवला त्यात तो दुसऱ्या ग्रुपकडे गेला. आत्या पॅरिसपासून तापलेलीच होती.

आता मोठा घाव, प्रागचा. आपल्या लोकांना वाटतं युरोपात सगळीकडे युरो चालतो. प्राग ज्याची राजधानी तो चेक देश युरोपियन युनियनमध्ये आहे, शेंगेन व्हिसाही (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच) तोच, पण चलन कोरुना. हंगेरीत फोरिंट, स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक, तसंच. मोठ्या दुकानात युरो घेतात पण भाव ते लावतील तो. तर ओल्ड टाऊनच्या चौकात ते जुनं घड्याळ आहे, दर तासाला खिडकीतून पुतळे फिरतात, ते बघायला ही गर्दी. सगळे माना वर करून शूटिंग करतायत आणि मेहुणा म्हणाला मी तेवढ्यात पैसे बदलून येतो. एक्स्चेंजच्या दारातच सुटाबुटातला एक माणूस भेटला, म्हणे आत लुटतात, मी शंभर युरोला २६०० देतो. खरा भाव २५००च्या आतबाहेर, त्यामुळे आकडा फार वेडावाकडाही वाटला नाही, हीच तर खुबी. समोर मोजून नोटा दिल्या, एक हजाराच्या दोन आणि बाकी सुट्या, आणि "पोलीस, पोलीस" म्हणत घाईघाईने सटकला.

पुढे त्या नळीसारख्या गोड पावाच्या टपरीवर मेहुण्याने नोट पुढे केली. पोरीने ती उलटीपालटी करून परत सरकवली आणि मान हलवली. नोटेवर अक्षरं रशियन वळणाची. बल्गेरियाच्या जुन्या, कधीच बाद झालेल्या नोटा होत्या, तिला लगेच कळलं, तिच्याकडे रोज कुणीतरी घेऊन येतं म्हणे. चेक नोटेवरची अक्षरं इंग्रजीसारखी रोमन असतात, हजाराच्या नोटेवर पालात्स्की नावाचा दाढीवाला इतिहासकार आणि दोन हजारच्या नोटेवर एमा देस्तिनोवा ही गायिका. निघायच्या आधी नेटवर एकदा फोटो बघून ठेवा, दोन मिनिटांचं काम आहे.

मेहुण्याचं पुढचं वाक्य: "पण आपला तीस हजार युरोचा इन्शुरन्स आहे ना?" अरे बाबा, व्हिसासाठी काढतो तो आजारपण, हॉस्पिटल, माणूस परत आणायचा खर्च यासाठी, रोख पैशाला तो विचारत पण नाही. पोलिसांचा नंबर १५८, पण रस्त्यावर पैसे बदलणं तिथे मुळात बेकायदा आणि तो माणूस कुठे शोधणार. बस चारला सुटणार होती, चौकी राहिली.

एटीएममधून काढले तरी एक सांगतो. मशीन विचारतं रुपयात हिशोब लावू का, दिसायला सोयीचं वाटतं पण भाव फार वाईट असतो. नाही म्हणायचं, कोरुनातच घ्यायचे. दुकानात कार्ड मारतानाही तेच, जिथलं चलन असेल तेच दाबा.

आणि एक्स्चेंजच्या दुकानात जायचंच असेल तर बाहेरच्या "कमिशन शून्य" पाटीला भुलू नका, पैसे द्यायच्या आधी हातात नेमके किती येणार ते कागदावर लिहून मागा. तरी फसलात तर २०१९ पासून चेक देशात कायदा आहे, हजार युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करून पैसे परत मागता येतात, कारण सांगायची गरज नाही. फक्त त्याच दुकानात जायचं आणि पावती दाखवायची. आमच्या ग्रुपमधल्या एका जोशीकाकांनी असे परत घेतले, दुकानदाराने तोंड वाकडं केलं पण दिले.