कॅल्सिपोट्रिओल + बीटामेथासोन मलम: आठ महिने लावून झाल्यावर

सोरायसिस (कातडीवर लाल, खपल्या सुटणारे चट्टे येणारा आजार) जुनाच, दोन्ही कोपरं, गुडघे आणि एका नडगीवर. आठ महिन्यांपूर्वी स्किनच्या डॉक्टरांनी हे दोन औषधांचं मलम दिलं. कॅल्सिपोट्रिओल व्हिटॅमिन डीच्या खानदानातलं, कातडीच्या पेशी भराभर वाढतात त्याला लगाम घालतं, आणि बीटामेथासोन म्हणजे स्टेरॉइड, ते लाली नि खाज उतरवतं. दिवसातून एकदा, सलग ४ आठवडे, मग दाखवायला या, असं सांगितलं होतं. मी पहिलं ऐकलं, शेवटचं विसरलो.

रिझल्ट जबरदस्तच. काळा टीशर्ट काढला की पीठ चाळल्यासारखं पडायचं ते दहाएक दिवसांत थांबलं आणि तिसऱ्या आठवड्यात कोपराचा चट्टा बोट फिरवून सापडेना. मग काय, हुरूप आला, काखेत जरा लाल झालं होतं तिथेही चोपडलं आणि ४ चे ७ आठवडे केले कोणाला न विचारता. काखेतली कातडी पातळ, चकचकीत झाली, बारीक शिरा दिसायला लागल्या. घाबरून एका दिवसात सगळंच बंद केलं तर गुडघे आधीपेक्षा लाल होऊन परत आले. डॉक्टर ओरडले नाहीत, नुसते बघत राहिले, ते जास्त लागलं. चेहरा, काख, जांघ इथे हे लावायचंच नाही, तिथली कातडी मुळातच नाजूक आणि औषध जास्त शोषते. आणि स्टेरॉइड एकदम तोडायचं नाही, त्यांना विचारून कमी करत आणायचं.

किती लावायचं हे खरं तर पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची एक रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, तेवढ्यात बोटांसकट दोन तळव्यांएवढी जागा होते. मी लोणी फासल्यासारखं लावत होतो! मोठ्या माणसाला कॅल्सिपोट्रिओलची औषधं सगळी मिळून आठवड्याला १०० ग्रॅमच्या वर जाऊ द्यायची नाहीत, रक्तातलं कॅल्शियम वाढू शकतं. डोक्याच्या कातडीला लावायचं कॅल्सिपोट्रिओलचं जेल वापरत असाल तर तेही यातच धरा.

अजून एक, खपल्या सुटाव्यात म्हणून माझ्याकडचं जुनं सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं मलम मी यावरच लावायचो, रात्री, अगदी मनापासून. ते कॅल्सिपोट्रिओलला निकामी करतं म्हणे, म्हणजे नडगी का हटत नव्हती ते तेव्हा कळलं. लावून झाल्यावर हात धुवा हेही सांगतो, मी एकदा तसाच डोळा चोळला आणि संध्याकाळभर आग आग.

वास जवळजवळ नाही, तेलकटपणा मात्र आहे, चादरीला डाग पडतात. मलमातलं पॅराफिन, म्हणजे मेणासारखा तेलकट पदार्थ, मुरलेलं कापड भुरकन पेटतं म्हणून त्या कपड्यांत गॅसजवळ किंवा सिगरेटजवळ जात नाही.

सध्या डॉक्टरांनी फक्त शनिवार-रविवार लावायला सांगितलंय, बाकी दिवस साधं मॉइश्चरायझर. कोपरं साफ, गुडघ्यावर फिकट डाग, काखेतल्या शिरा अजून थोड्या दिसतात. नडगी अडूनच बसलीय, पुढच्या व्हिजिटला तिचं काय करायचं ते विचारणारे.