रात्रीच्या औषधावर सकाळीच बरोबरची खूण

गंगापूर रोड परिसरातील एका खासगी वृद्धनिवासात मी आईला ठेवले, ते केवळ एका आश्वासनावर : चोवीस तास प्रशिक्षित परिचारिका आणि वेळच्या वेळी औषधे. त्यासाठी दरमहा वेगळे ‘औषध व्यवस्थापन शुल्क’ही भरत होतो. आईला कंपवात आहे, शिवाय मधुमेहाचे इन्सुलिन. कंपवाताच्या लेव्होडोपाच्या गोळीला तासभर उशीर झाला तरी तिचे अंग लाकडासारखे ताठते.

दोन महिन्यांत तिला स्वतःच्या हाताने घास घेता येईना. ‘वयाप्रमाणे आजार वाढतोच,’ असे व्यवस्थापक सांगत राहिले आणि मीही ते मान्य केले, याचे मला आजही वाईट वाटते.

सप्टेंबरच्या 30 तारखेला मी न कळवता सकाळी अकराला गेलो. भिंतीवरील औषधतक्त्यात आईच्या नावापुढे रात्री आठच्या गोळीवरही बरोबरची खूण होती. मी खण उघडून स्ट्रिप मोजल्या. दिवसाला 3 प्रमाणे महिन्याच्या 90 गोळ्या, म्हणजे दहाच्या 9 स्ट्रिप माझ्या बिलात लावल्या होत्या; त्यांतील 4 स्ट्रिप अखंड पडून होत्या. ऑक्टोबरच्या बिलात मात्र पुन्हा 9 स्ट्रिपचे पैसे लावलेच. इन्सुलिनची कुपी स्वयंपाकघरातील फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याला टेकून गोठलेली होती. न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचे असते आणि एकदा गोठले की वितळल्यावरही ते वापरायचे नसते, हे तेथे काम करणाऱ्या एकाही मुलीला कोणी शिकवले नव्हते.

‘सिस्टर’ म्हणून ओळख करून दिलेल्या मुलींपैकी एकीनेही एएनएमचा (सहायक परिचारिका-प्रसाविका) 2 वर्षांचा किंवा जीएनएमचा (सामान्य परिचर्या व प्रसाविका) 3 वर्षांचा अभ्यासक्रम केलेला नव्हता. रात्री 22 ज्येष्ठांसाठी एकच मावशी असत, आणि स्वयंपाकघर आवरणे हेही त्यांचेच काम होते. दोष त्या मावशींचा नाही. त्यांच्या राबण्यावर परिचारिकेचे दर लावणाऱ्यांचा आहे.

ज्यांना आपले माणूस अशा ठिकाणी ठेवायचे आहे, त्यांनी परिचारिकांचा महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडील नोंदणी क्रमांक मागावा, रात्रपाळीत कोण असते हे रात्रीच जाऊन पाहावे आणि महिन्यातून एकदा तरी गोळ्या स्वतः मोजाव्यात. औषधांची मूळ बिले मागून घ्यावीत. ज्येष्ठांसाठीच्या 14567 या मदतवाहिनीवर मार्गदर्शन मिळते; ग्राहक आयोगाकडील तक्रार मात्र कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत करावी लागते.

तक्त्याचे फोटो मी त्याच वेळी काढून ठेवले, हे बरे झाले. आठवड्याने लेखी मागणी केल्यावर हाती आलेला तक्ता नव्याने, एकाच पेनाने भरलेला होता आणि त्यात महिनाभरातील एकही गोळी चुकलेली नव्हती. हे दोन्ही तक्ते जोडून मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली आहे. आई आता घरी आहे; सकाळी सातची गोळी मी स्वतः देतो, आणि आठच्या सुमारास ती चहाचा कप स्वतःच्या हाताने उचलते.