आर्केड स्पिनर विकत घेताय? पैसे भरण्याआधी हे वाचा

घरच्या आर्केड कॅबिनेटसाठी (जुने व्हिडिओ गेम खेळण्याच्या उभ्या यंत्रासाठी) स्पिनर स्वतः बनवावा की तयार घ्यावा, या विचारात जे असतील त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. १९८१ चा 'टेम्पेस्ट' किंवा १९८६ चा 'अर्कानॉइड' हे गेम जॉयस्टिकवर खेळण्यात काही अर्थ नाही. त्यांना न अडता गोल फिरणारा नॉबच लागतो. शाफ्ट (नॉबचा दांडा) आणि बेअरिंग एका रेषेत बसले नाहीत तर नॉब डगमगतो, आणि लेथवरचे (धातू कातण्याच्या यंत्रावरचे) काम मला येत नाही, म्हणून मी तयार स्पिनर घ्यायचे ठरवले. त्या निर्णयात काहीही वावगे नव्हते.

विक्रेत्याने लेखी कबूल केले होते: ऑप्टिकल एन्कोडर (नॉब किती फिरला ते प्रकाशाच्या साहाय्याने मोजणारा भाग), एका फेऱ्याला ६०० पल्स (विद्युत संकेत), म्हणजे दोन्ही सिग्नलच्या चढत्या-उतरत्या मिळून चारही कडा मोजल्यास २४०० काउंट, दोन बॉल बेअरिंग आणि पितळी फ्लायव्हील (नॉब फिरता ठेवणारे जड चाक). ठरलेल्या रकमेपैकी ७० टक्के आगाऊ आणि उरलेले ३० टक्के वस्तू रवाना होण्यापूर्वी, अशी त्याची अट होती. इतक्या अचूक भाषेत बोलणाऱ्या माणसावर कोणीही विश्वास ठेवला असता.

प्रत्यक्षात नॉब फिरवताच बोटांना खटके जाणवले. तळाचा पत्रा काढला, तर आत ध्वनियंत्राच्या आवाजाच्या नॉबमागे असतो तसला यांत्रिक एन्कोडर निघाला: एका फेऱ्याला २० पल्स, फार तर ८० काउंट. फ्लायव्हील म्हणून गोंदाने चिकटवलेला लोखंडी वॉशर होता आणि बेअरिंग एकही नव्हते. नॉब जोरात फिरवला की पल्स चुकतात आणि पडद्यावरची बॅट उलट्या दिशेने उडी मारते.

सर्वांत जास्त संताप येतो तो त्याने पाठवलेला व्हिडिओ आठवून. त्यात नॉबवरचा हात एकदाही सुटत नाही. खऱ्या स्पिनरला टिचकी मारून हात काढला, तरी तो फ्लायव्हीलच्या जोरावर फिरत राहतो, आणि विकणारा माणूस नेमके तेच आधी दाखवतो. शिवाय मोठ्या आवाजातले संगीत लावले होते, ते खटक्यांचा आवाज दाबण्यासाठीच. हे सारे माझ्या डोळ्यांसमोर होते, पण समोरून कागदावर बिनचूक आकडे येत असताना व्हिडिओतल्या हाताकडे कोण पाहतो? तुम्ही मात्र पाहा. संगीत नसलेला, हात सोडून घेतलेला व्हिडिओ मागा आणि आतल्या एन्कोडरवरचा मॉडेल क्रमांक वाचता येईल असे छायाचित्रही मागा.

तक्रारीचे काय झाले, तेही ऐका. ज्या संकेतस्थळावरून खरेदी केली, त्यांनी 'वस्तू पोहोचली आहे' एवढ्या एका वाक्यावर प्रकरण बंद केले. पैसे वळते करणाऱ्या कंपनीचे म्हणणे असे की व्यवहाराला मंजुरी तुम्हीच दिली होती. सायबर गुन्ह्यांची तक्रार घेणाऱ्या अधिकाऱ्याने तर नॉब फिरवून पाहिला आणि "फिरतो आहे की, मग फसवणूक कसली?" असे विचारले. मी ६०० आणि २० मधला फरक समजावत राहिलो, आणि त्यांनी हा दिवाणी वाद आहे असे सांगून माझा अर्जही घेतला नाही. लेखी कबुली देऊन दुसरीच वस्तू पाठवणे हा गुन्हा नसेल, तर गुन्हा कशाला म्हणायचे, हे त्यांनी सांगावे!

पूर्ण रक्कम आधी कधीही देऊ नका, आणि पुडके उघडतानाचे चित्रण ठेवा. बनवण्याची भीतीही बाळगू नका: ६०० पल्सचे औद्योगिक ऑप्टिकल एन्कोडर बेअरिंग आणि शाफ्टसह तयार मिळतात, त्यामुळे लेथची गरजच उरत नाही. एटीमेगा ३२यू४ चिप असलेला छोटा बोर्ड, त्यात योग्य प्रोग्राम घातला की, संगणकाला थेट माउस म्हणून दिसतो आणि मेम (जुने आर्केड गेम संगणकावर चालवणारे सॉफ्टवेअर) त्याला स्पिनर म्हणून स्वीकारतो. फक्त एन्कोडरला किती व्होल्ट लागतात, ते जोडण्याआधी तपासा.