जमीनमालकांची नावे असलेला कागदी नकाशा: सॅस्कॅचेवानमधील तीन हंगामांचा अनुभव

कॅनडातील सॅस्कॅचेवान प्रांताच्या दक्षिण भागात रानहंसांच्या शिकारीसाठी हिंडणाऱ्याजवळ चांगली दुर्बीण असावी लागते, हे सर्वांनाच ठाऊक आहे. गेल्या तीन हंगामांत मला मात्र सर्वांत जास्त उपयोगी पडला तो ग्रामीण नगरपालिकेच्या (खेड्यापाड्यांचा कारभार पाहणाऱ्या स्थानिक संस्थेच्या) कचेरीत विकत मिळणारा, जमीनमालकांची नावे छापलेला कागदी नकाशा. पूर्वी या प्रांतात ज्या रानाला मनाईची पाटी नसे तेथे न विचारता शिकार करता येई. १ जानेवारी २०२२ पासून खाजगी जमिनीवर पाऊल ठेवण्याआधीच परवानगी घेणे कायद्याने बंधनकारक झाले आहे. ती तोंडी, लेखी किंवा मोबाइलवरील संदेशाने घेतली तरी चालते, परंतु ती कोणाकडे मागायची हे आधी समजले पाहिजे, आणि या नकाशाचे खरे काम तेथूनच सुरू होते.

नकाशाची मांडणी अतिशय सरळ आहे, कारण या प्रदेशातील जमिनीची मोजणीच मुळात चौकटीची आहे. एक मैल लांब व एक मैल रुंद असा ६४० एकरांचा सेक्शन, त्याचे १६० एकरांचे चार चतुर्थांश (येथे सगळे ‘क्वार्टर’च म्हणतात) आणि प्रत्येक क्वार्टरच्या चौकटीत मालकाचे नाव. असे ३६ सेक्शन मिळून एक टाउनशिप होते. त्यांचे क्रमांक आग्नेय कोपऱ्यातून सुरू होऊन नागमोडी चढत ईशान्य कोपऱ्यात संपतात. उत्तर-दक्षिण रस्त्यांसाठी दर मैलाला आणि पूर्व-पश्चिम रस्त्यांसाठी दर दोन मैलांना जागा राखलेली असल्यामुळे, मोबाइलला रेंज नसली तरी ओलांडलेले रस्ते मोजत गेले की आपण कोणत्या चौकटीपाशी उभे आहोत हे कळते. सगळेच रस्ते प्रत्यक्षात बांधलेले नाहीत, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

हंस रात्री तळ्यावर किंवा पाणथळीवर मुक्काम करतात, पहाटे कापणी झालेल्या वाटाण्याच्या, मसुरीच्या किंवा बार्लीच्या रानात सांडलेले दाणे टिपायला जातात, मधल्या वेळी पाण्यावर परततात आणि दुपार कलल्यावर पुन्हा चरायला निघतात. संध्याकाळी ज्या रानात त्यांनी निवांत पोट भरले तेथे ते दुसऱ्या दिवशी सकाळी परतण्याची शक्यता मोठी असते. म्हणून मी दुपारनंतर मुक्कामाच्या तळ्यापासून बऱ्याच अंतरावर गाडी थांबवून थव्याची वाट पाहतो आणि तो उतरेपर्यंत रस्त्यानेच त्याचा माग काढतो. गाडी रानात घालत नाही. थवा उतरला की क्वार्टरचा नेमका कोणता भाग पक्ष्यांनी भरलेला दिसतो, जवळ खोलगट जागा किंवा उंच सड आहे का आणि वारा कोठून वाहतो, हे सर्व मी पेन्सिलीने त्या चौकटीतच लिहून ठेवतो. हिमहंसांच्या पंखांची टोके काळी असतात आणि दुर्मीळ, संरक्षित अशा पांढऱ्या ‘हूपिंग क्रेन’ क्रौंचांचीही तशीच असतात. हे क्रौंच याच दिवसांत याच रानांतून चरत दक्षिणेकडे जातात. उडताना त्यांचे लांब पाय शेपटीच्या मागे आलेले दिसतात, हंसाचे दिसत नाहीत. असा एकही पक्षी दिसला तर मी त्या रानाचा विचार सोडून देतो.

नकाशाची मोठी उणीव मला पहिल्याच हंगामात कळली. चौकटीतील नाव वाचून मी ज्या घरी गेलो, तेथील वृद्ध बाईंनी दार उघडून शांतपणे सांगितले की जमीन त्यांच्या पतीच्या नावावर होती, ते आता हयात नाहीत, आणि गेली काही वर्षे शेजारचा शेतकरी ती खंडाने कसतो. आपल्या सातबाऱ्यावर कुळाची नोंद तरी सापडते. या नकाशावर कसणाऱ्याचे नाव कोठेच नसते, आणि हंगामात रानात कोण येते-जाते याची काळजी त्यालाच असते. आपली हरकत नसल्याचे सांगून बाईंनीच त्याचे घर दाखवले. तो मळणीयंत्राला वंगण देत होता. किती माणसे, किती वाजता आणि गाडी कोठे, एवढे तीनच प्रश्न त्याने विचारले. पलीकडच्या क्वार्टरमध्ये गुरे असल्यामुळे दक्षिणेकडे बंदूक चालवायची नाही आणि जमीन ओली असल्यामुळे गाडी बांधाच्या आत आणायची नाही, असे सांगून त्याने होकार दिला. तोच मजकूर मी संदेशाने पाठवला, त्याने ‘ठीक’ असे उत्तर दिले, आणि ते उत्तर मी जपून ठेवले. नकाशात त्याचे नाव असते तर एक फेरी वाचली असती; परंतु त्या बाईंचीही परवानगी घेतल्याचे समाधान मला आजही वाटते.

जमिनीच्या हद्दी दाखवणारी मोबाइल ॲप्सही मी वापरली आहेत. पहाटेच्या काळोखात थव्याला भुलवण्यासाठी नकली हंस मांडताना आपण हद्दीच्या आत आहोत की नाही हे ॲपवरचा ठिपका जसा दाखवतो तसा कागद दाखवू शकत नाही. त्या कामासाठी ॲप घ्यावेच. पण थंडीत बॅटरी पाहता पाहता उतरते, आणि शेतकऱ्याच्या अंगणात उभे राहून बोलताना चार इंची पडद्याचा उपयोग होत नाही. गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरला की शेतकरी स्वतःच वाकून बोट ठेवतो, ‘हे माझे, हे भावाचे, इथे जाऊ नका’ असे सांगतो, आणि पुष्कळदा न विचारता आणखी एखादे रान सुचवतो. माझ्या दृष्टीने नकाशाची किंमत तेथेच वसूल होते.

बाकीच्या तक्रारी लहान आहेत. माझी प्रत दुसऱ्या हंगामात घड्यांवर फाटली, लहान चौकटींतील अक्षरे संध्याकाळच्या उजेडात वाचता येत नाहीत, आणि दूरध्वनी क्रमांक नसतात. थव्यांना नगरपालिकांच्या सीमा माहीत नसल्यामुळे शेजारच्या दोन नगरपालिकांचे नकाशेही वेगळे घ्यावे लागतात. काही प्रतींवर घरांच्या खुणा असतात. निवडायला वाव असेल तर तीच प्रत घ्यावी, कारण राहत्या घरापासून किंवा गुरांच्या गोठ्यापासून ५०० मीटरच्या आत शिकार करायची तर तेथील रहिवाशांची संमतीही लागते. पैसे देण्यापूर्वी छपाईचे वर्ष तपासावे, आणि कचेरीतून निघण्यापूर्वी त्या वर्षात कोणत्या जमिनींचे मालक बदलले हेही विचारावे. मला ते दोनदा काउंटरवरच पेन्सिलीने दुरुस्त करून मिळाले.