बदलापुरात पुनर्विकास: एकटी इमारत की शेजाऱ्यांसह एकत्र?

तळमजल्यावर तीन-चार मजले, लिफ्ट नाही, गच्चीवर पत्रे. बदलापूर पूर्व काय आणि पश्चिम काय, अशा जुन्या सोसायट्यांच्या सभेत हल्ली हाच विषय असतो: पुनर्विकास आपल्यापुरता करायचा, की शेजारच्या सोसायट्यांना घेऊन भूखंड एकत्र करायचे?

सभेत पहिला प्रश्न येतो, "कार्पेट (घराच्या आतलं वापरायचं क्षेत्र) किती वाढणार?" माझं म्हणणं, आधी समोरचा रस्ता मोजा. डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रित विकास नियमावलीत मूळ एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण, १.१ आहे. त्यावर प्रीमियम (पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) आणि टीडीआर (दुसऱ्या जागेवरचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) किती, हे रस्त्याच्या रुंदीवर ठरतं, आणि ९ मीटरहून अरुंद गल्लीत टीडीआर वापरताच येत नाही. तुमची इमारत आत गल्लीत आणि शेजारची मोठ्या रस्त्याला लागून असेल, तर एकत्र येण्याचा खरा फायदा तुम्हाला आहे.

दुसरं मोजमाप भूखंडाच्या रुंदीचं. उंच इमारतीला बाजूला उंचीच्या एक पंचमांश जागा मोकळी सोडावी लागते. ३० मीटर उंचीला दोन्ही बाजूंना ६-६ मीटर. भूखंड १८ मीटर रुंद असेल, तर बांधायला उरतात ६ मीटर. त्यात धड घरं बसत नाहीत. तेवढ्याच रुंदीचे शेजारचे दोन भूखंड जोडले, तर २४ मीटर मिळतात.

एकट्याने जाण्यातही मोठं सुख आहे. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार ५१ टक्के सभासदांची संमती लागते, ती एकाच सोसायटीत जमवणं सोपं. ३० वर्षं ओलांडलेल्या अधिकृत इमारतीला प्रोत्साहनपर एफएसआय मिळतो. बेताच्या उंचीची इमारत बांधली तर देखभालीचा खर्चही आवाक्यात राहतो, आणि निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या सभासदांसाठी हे फार महत्त्वाचं आहे. एकत्र प्रकल्पात एका सोसायटीचं अभिहस्तांतरण (जमीन सोसायटीच्या नावावर होणं) रखडलं किंवा तळमजल्याचे दुकानदार अडून बसले, की सगळेच भाड्याच्या घरात अडकतात.

म्हणून रस्ता ९ मीटर किंवा त्याहून रुंद आणि भूखंड ऐसपैस असेल, तर एकट्याने करा. रस्ता किंवा भूखंड अरुंद असेल तर शेजाऱ्यांशी बोला, पण प्रत्येकाचं अभिहस्तांतरण आणि मालमत्ता पत्रक हातात आल्याशिवाय बिल्डरला बोलावू नका.

उल्हास नदीजवळच्यांनी मात्र यातलं काहीही ठरवण्याआधी पूररेषेचा नकाशा पाहावा. २००५ आणि २०१९ चं पाणी इथे कोणी विसरलेलं नाही. निळ्या (अधूनमधून येणाऱ्या पुराच्या) आणि लाल (क्वचित येणाऱ्या महापुराच्या) रेषेच्या मधल्या पट्ट्यात इमारतीचं जोतं लाल रेषेच्या पातळीहून किमान ०.४५ मीटर वर हवं.

आणि दोन्ही पर्यायांत, करारावर सही करण्याआधी महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडून वाढीव नळजोडणीबद्दल लेखी उत्तर घ्या. कुटुंबं दुप्पट-तिप्पट होतील. गल्लीतली जलवाहिनी आज आहे तेवढीच असते.