जेलच्या फाटकासमोरची मोबाईल ठेवायची टपरी: पाचपैकी चार

टपरी मराठवाड्यातल्या एका कारागृहासमोर आहे. कुठल्या, ते लिहीत नाही. तिथल्या बाकावर बसणाऱ्यांना आपला ठावठिकाणा असा चव्हाट्यावर आलेला आवडणार नाही. मी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा पाळक, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू. १९७० साली नागपुरात सहा ख्रिस्ती मंडळ्या एक होऊन ते झालं, त्यांत चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतली आमची जुनी अँग्लिकन मंडळीही होती. महिन्यातले दोन शनिवार परवानगीचं पत्र घेऊन आत जातो. पाच वर्षांत शंभरेक वेळा तरी या टपरीचा चहा प्यालोय.

चहा गोडमिट्ट. सांगून उपयोग नाही, मावशी "बरं बरं" म्हणतात आणि तेवढीच साखर घालतात. सुशीला मात्र चुकवू नका. चुरमुरे भिजवून नीट पिळलेले, वर डाळव्याची पूड सढळ हाताने.

पण लोक इथे खायला येत नाहीत. आत मोबाईल जात नाही, तो कुठेतरी ठेवावा लागतो. मावशी दहा रुपयांत ठेवतात. टोकन म्हणून पत्त्यांच्या जुन्या कॅटातलं पान मधोमध कात्रीने वाकडंतिकडं कापलेलं. अर्धं रबराने मोबाईलला, अर्धं तुमच्या हातात. परत येताना दोन्ही कडा जुळल्या तरच मोबाईल मिळतो. माझ्या वाट्याला बहुतेक वेळा चौकटचा गुलाम येतो.

एक तारा इथेच कापलाय. गेल्या पावसाळ्यात पानं भिजून लगदा झाली, मावशींनी अंदाजाने मोबाईल वाटले आणि माझा एसटीने गंगाखेडला गेला. दुसऱ्या दिवशी कंडक्टरच्या हातून परत आला, पण त्या रात्री मंडळीतल्या एका आजीला दवाखान्यात नेलं, तेव्हा घरचे मला फोन लावत होते आणि तो गंगाखेडात वाजत होता. आता पानांना सेलोटेप आहे.

मोबाईलशिवायही मावशी बरंच काही सांभाळतात. जेलमधून मी आजाऱ्यांच्या घरी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीतली भाकर आणि द्राक्षरस, द्यायला जातो, म्हणून लहानसा पेला आणि ताटलीची पेटी सोबत असते. पहिल्या दिवशी त्यांनी ती उघडून पाहिली. "फादर, हा दारूचा पेला तर न्हाई ना?" मनुका भिजवून काढलेला रस असतो, असं सांगितलं. तेव्हापासून पेटी तुळजाभवानीच्या फोटोशेजारी, फळीवर. फादर नाही, पाळक, हे सांगणं सोडून दिलंय.

इंग्लंडात १९५२ च्या तुरुंग कायद्यानुसार प्रत्येक तुरुंगाला चॅप्लेन असतो, आणि तो चर्च ऑफ इंग्लंडचाच पाळक. नव्या कैद्याला भेटायचं, आजाऱ्याला आणि एकांत कोठडीतल्याला रोज भेटायचं, हे त्याचं नेमून दिलेलं काम. चाव्या त्याच्याच कमरेला. माझ्या कमरेचा पट्टासुद्धा मावशींच्या खोक्यात राहतो.

आत जेमतेम दीड तास. येणारे बहुतेक ख्रिस्ती नसतात, पण ना. वा. टिळकांचे अभंग टाळ्यांवर लगेच उचलतात. भजनाची सवय घरूनच असते. एकदा बायबलातली पौल आणि सीला यांची गोष्ट सांगितली: मध्यरात्री तुरुंगात गाणी म्हणतात, भूकंप होतो, सगळी दारं उघडतात, आणि कुणीच पळत नाही. मागून एकाने विचारलं, "कामून?" दारातला हवालदारही हसला. त्या दिवशी मला धड उत्तर देता आलं नाही.

माझा एक नियम आहे: निरोप आत न्यायचा नाही, बाहेर आणायचा नाही. मार्चमध्ये हिंगोलीकडची एक बाई बाकावर होती. लाडवांचा डबा आणलेला, तो आत जाणार नव्हता. आधारकार्ड घरी राहिलेलं, म्हणून तीही जाणार नव्हती. आत तिच्या मुलाने विचारलं, "बाहेर माझी माय आलीय का?" मी स्तोत्राचं पान उलटलं. बाहेर आलो तर बाई नाही. मावशींनी तिच्या गावच्या पोस्टमास्तरपर्यंत फोन लावून कार्डाचा फोटो मागवला होता, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून कागद काढून घेतला होता, आणि दुपारच्या मुलाखतीच्या यादीत बाईचं नाव लागलं होतं. डबा पेटीशेजारी फळीवर.

"तुम्ही काय बोल्लाव त्याला?" मावशींनी विचारलं. काही नाही, म्हणालो. त्यांनी चहा पुढे केला, साखर तेवढीच.

सुटे दहा रुपये न्या, पाचशेच्या नोटेला मावशी हात लावत नाहीत. शनिवारी साडेदहाला सुशीलाची कढई रिकामी होते.