जुना अमेरिकी चांदीचा चमचा: क्रांतीआधीचा घ्यावा की ‘कॉइन सिल्व्हर’चा?

पहिलाच चमचा घेणाऱ्याने १८२० ते १८५० च्या दरम्यानचा ‘कॉइन सिल्व्हर’, म्हणजे साधारण नाण्यांच्या कसाच्या चांदीचा, घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

अमेरिकी क्रांतीआधीच्या, म्हणजे ब्रिटिश वसाहतींच्या काळातल्या, बॉस्टन-न्यूयॉर्कच्या चमच्यांची ओढ मला नीट कळते. ते हातात घेतले की ठोकून घडवलेली जाड चांदी जाणवते. चमचा पालथा करा: दांडा खोलगट भागाला जिथे मिळतो, तिथे थेंबाच्या आकाराचा उठाव दिसेल, कधी त्याखाली शिंपलाही. दांड्याचं टोक वर वळलेलं असतं. टेबलावर हे चमचे पालथे मांडत, म्हणून मालकांची आद्याक्षरंही पाठीवरच कोरलेली. सुरेख काम!

अडचण आहे ती ठशाची. लंडनसारखी कस तपासून छाप मारणारी कचेरी वसाहतींत नव्हती. कारागीर आपल्या आद्याक्षरांचा किंवा आडनावाचा ठसा मारी, तीच काय ती हमी. म्हणजे खोटेपणा करायला एक ठसा पुरतो. बॉस्टनचा नामांकित चांदी-कारागीर पॉल रिव्हिअर याच्या नावाचे बनावट ठसे तर ठाऊकच आहेत. वस्तू कुणाकडून कुणाकडे गेली याचा कागद नसेल, तर नुसत्या नावासाठी जादा पैसे मोजू नका.

कॉइन सिल्व्हरवर कारागिराचं पूर्ण आडनाव, कधी गावाचं नाव, कधी ‘प्युअर कॉइन’ असा शिक्का असतो. मात्र अनेकदा ते नाव घडवणाऱ्याचं नसून विकणाऱ्या दुकानदाराचं असतं. १८३७ च्या कायद्याने अमेरिकी नाण्यांतली चांदी हजारी ९०० ठरली; ‘स्टर्लिंग’ म्हणतात ती चांदी त्याहून थोडी शुद्ध, हजारी ९२५. बाल्टिमोरमध्ये १८१४ पासून काही वर्षं सरकारी तपासणी होती, त्यामुळे तिथल्या छापांना वेगळं वजन आहे. किंमत आवाक्यात असते आणि लहान गावच्या अनोळखी कारागिराची नक्कल करण्यात कुणाला फायदा नाही. फिडल घाटाचे, म्हणजे व्हायोलिनसारख्या आकाराच्या दांड्याचे, हे चमचे पातळ असतात, मानेशी वाकतात, एवढं खरं. म्हणून चहाच्या चमच्यापेक्षा मोठा टेबलस्पून बघा.

घेताना दोन गोष्टी तपासा. खोलगट भागाचं टोक एका बाजूने झिजलं आहे का? आणि मोनोग्रामच्या (कोरलेल्या आद्याक्षरांच्या) जागी तोंडाची वाफ सोडा. वाफेत पुसलेली अक्षरं उमटली, किंवा ती जागा बोटाला पातळ लागली, तर चमचा सोडून द्या.

रोज जेवायलाच हवे असतील, तर या दोन्हींच्या वाटेला न जाता गोरहॅम या अमेरिकी कंपनीने १८६८ मध्ये स्टर्लिंग स्वीकारल्यानंतरचे चमचे बघा.